सेंदाईतल्या एकशे त्रेचाळीस रात्री

निशिवाकी तोकुजी न्हाव्यांच्या खुर्च्या दुरुस्त करायचा. पायाने दांडी दाबली की गिऱ्हाइकासकट वर चढणाऱ्या त्या जड लोखंडी खुर्च्या ओसाकाच्या पूर्वेकडच्या एका छोट्या कारखान्यात बनत आणि देशभर जात. कुठे बिघडल्या की पाठोपाठ तोकुजी जाई. खुर्चीच्या पोटातला तेलाचा पंप गळायला लागला की ती आपोआप खाली बसते. अर्धी दाढी होईपर्यंत गिऱ्हाईक न्हाव्याच्या कमरेखाली गेलेलं असतं. असा फोन आला की तोकुजी अवजारांची पिशवी उचलून स्टेशन गाठायचा. या शहरात चार खुर्च्या, त्या शहरात दोन, असं करत आठवडा निघून जायचा. सत्तावीस वर्षं हे चाललं.

उतरायचा तो नेहमी हारुनागी हॉटेलात. हारुनागीची हॉटेलं बहुतेक सगळ्या मोठ्या स्टेशनांजवळ होती. पहिल्याच वर्षी कारखान्याने त्याला त्यांचं सभासदाचं कार्ड काढून दिलं होतं. दहा रात्री राहिलं की अकरावी फुकट, सकाळी भात आणि मिसोचं सूप फुकट, आणि बऱ्याच रात्री साचल्या की कार्डाचा रंग बदलायचा. तोकुजीचं कार्ड हिरव्याचं निळं झालं, निळ्याचं सोनेरी झालं. पण हॉटेल निवडायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. फोन करायचा, शहराचं नाव सांगायचं, की एका माणसापुरती खोली मिळायची. पिशवी ठेवायची, अंघोळ करायची, झोपायचं. खोल्या कशा होत्या म्हणून कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. खुर्च्या मात्र एकूणएक आठवत होत्या.

मार्चअखेर तो निवृत्त झाला. त्याची बायको मित्सुए बाजाराच्या गल्लीत धुलाईचे कपडे घ्यायचं दुकान चालवायची. ऑगस्टमध्ये ती अख्खी रांगच पाडायला काढली, तेव्हा तिचंही काम सुटलं. दोघं दिवसभर घरात, एकाच टेबलाशी, अशी वेळ लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा आली.

मुलगी झाल्यापासून मित्सुए नवऱ्याला बाबाच म्हणायची. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, मला एकदा कुठेतरी न्या."

"गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊ या की."

"ते नको. तिथे काय, सगळेच जातात. तुम्ही जिथे राहायचात तसल्या हॉटेलात न्या. निम्मा संसार तुम्ही बाहेर झोपून काढलात. कुठे झोपलात ते बघायचंय मला."

"त्यात बघण्यासारखं काही नाही गं."

"ते मी ठरवीन."

तोकुजीने पाकिटातून सोनेरी कार्ड काढलं आणि हारुनागीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून एका यंत्राने सांगितलं, की गेल्या वसंतात आमच्यात आणखी एक हॉटेल कंपनी सामील झाली आहे, जुनी कार्डं आता बंद आहेत, सगळं काही मोबाइलवर आहे. नागोयाला राहणाऱ्या मुलीने, कोतोमीने, फोनवरून एकेक बटण सांगत त्याच्या मोबाइलवर ते सुरू करून दिलं. नाव घातलं, जन्मदिवस घातला, जुन्या कार्डाचा आकडा घातला. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग सोनेरी अक्षरं उमटली.

"पुन्हा स्वागत, निशिवाकीसान. तुमचं आवडतं हॉटेल: हारुनागी सेंदाई, हिरोसे मार्ग. एकशे त्रेचाळीस रात्री."

मित्सुए त्याच्या खांद्यावरून बघत होती. "सेंदाई?" ती म्हणाली. "सेंदाईत इतके न्हावी आहेत?"

"असतील की. मोठं शहर आहे."

"एकशे त्रेचाळीस रात्री पुरतील इतके?"

तोकुजी विचारात पडला. सेंदाईतला स्टेशनासमोरचा न्हावी त्याला आठवत होता. त्याच्याकडे हिरव्या कातड्याच्या तीन खुर्च्या होत्या आणि मधलीचा पंप दर दोन वर्षांनी हटकून गळायचा. दुसरा नागामाचीचा, त्याची खुर्ची वर गेली की करकरायची. सगळ्या मिळून पंधरा रात्री झाल्या असतील, फार तर वीस. त्याही स्टेशनाच्या पूर्व दरवाजाच्या हॉटेलात. हिरोसे मार्गावर आपण कधी राहिलो, हे काही केल्या आठवेना. पण नाहीच राहिलो, असंही त्याला छातीठोकपणे म्हणता येईना. खोल्या सगळ्या सारख्याच, तर रस्त्याचं नाव कुठलं लक्षात राहणार?

"मी पूर्व दरवाजाला उतरायचो," तो म्हणाला. "आपण तिथे जाऊ." त्याने यादी उघडली. सेंदाईतच हारुनागी चार होती: पूर्व दरवाजा, पश्चिम दरवाजा, हिरोसे मार्ग, आणि हिरोसे मार्गाचीच नवी इमारत. पूर्व दरवाजावर बोट ठेवलं तर खोल्यांची नावं आली. सेमी-डबल, मॉडरेट डबल, हॉलिवूड ट्विन.

"हॉलिवूड म्हणजे काय?" मित्सुएने विचारलं.

"दोन पलंग एकमेकांना चिकटवलेले असतात वाटतं."

"त्यात हॉलिवूडचं काय?"

ते त्याला माहीत नव्हतं. सेमी-डबल म्हणजे दोघांची का दीड माणसाची, तेही माहीत नव्हतं. तिने खोलीचं माप वाचलं आणि घरच्या खोल्या चटयांत मोजतात तसा मनात हिशेब केला. "सात चटया. न्हाणीघरासकट सात चटया? चूक असेल."

तेवढ्यात तिचं बोट कुठेतरी लागलं आणि जुन्या मुक्कामांची यादी उघडली. तारीख, शहर, खोलीचा नंबर, माणसं किती. कोची, एक माणूस. मोरिओका, एक माणूस. सेंदाई हिरोसे मार्ग, आठशे अकरा, दोन माणसं. पुढच्या महिन्यात पुन्हा आठशे अकरा, दोन माणसं. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. यादी खाली सरकत गेली. मित्सुएने मोबाइल हळूच टेबलावर ठेवला आणि भात लावायला उठली.

जेवणं आटोपली. तोकुजीने कपाटाच्या वरच्या फळीवरून कामाच्या वह्या काढल्या. प्रत्येक दिवसाची नोंद त्याने ठेवली होती: कुठलं दुकान, कुठली खुर्ची, काय बदललं. दोन वर्षांपूर्वीचा चौदा नोव्हेंबर त्याने शोधला. हॉटेल म्हणत होतं सेंदाई, दोन माणसं. वहीत होतं: कोची, दोन खुर्च्या, पंपाचे रबर बदलले, दुकानदाराने भाजलेला मासा खाऊ घातला.

"हे बघ," तो म्हणाला. "मी कोचीला होतो."

मित्सुएने वहीकडे नुसती नजर टाकली. "वही तुम्हीच लिहिलीय ना?"

तो पुन्हा मोबाइलकडे वळला. चौदा नोव्हेंबरला कोचीचा मुक्काम तिथेही होता. म्हणजे त्या एका रात्री निशिवाकी तोकुजी देशाच्या दोन टोकांना झोपला होता, आणि त्यातल्या एका टोकाला एकटा नव्हता. त्याने हे मित्सुएला दाखवलं. ती म्हणाली, "एक खोली कारखान्याच्या नावावर आणि एक खरी. लोक करतात असं."

पुढचे काही दिवस तोकुजीचे फार चमत्कारिक गेले. बायको रुसली असती, भांडली असती, तर त्याला कळलं असतं. पण ती नेहमीसारखीच चहा देत होती, आज कुठल्या दुकानात मुळे चांगले होते ते सांगत होती, आणि मधेच थांबून त्याच्याकडे नव्या भाडेकरूकडे बघावं तशी बघत होती. त्याहून वाईट म्हणजे तो स्वतःही स्वतःकडे तसाच बघायला लागला होता. शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव त्याला परवा आठवलं नव्हतं. छत्री बसमध्ये राहिली होती. विसरायचा आजार असाच सुरू होतो का? माणूस अख्खी बाई विसरू शकतो का? कारखान्यातून परत येताना गाडीत डुलकी लागायची, तसं आयुष्यात एखादं स्टेशन झोपेत निघून गेलं असेल का?

शेवटी त्याने कोतोमीला फोन केला आणि आवाज खाली आणून सगळं सांगितलं. ती इतकी हसली की त्याला मोबाइल कानापासून दूर धरावा लागला.

"बाबा, तुम्ही आणि दुसरी बाई? माझ्या मैत्रिणी घरी आल्या की तुम्ही बाल्कनीत जाऊन उभे राहायचात."

"ते खरं. पण मग आठशे अकरात कोण होतं?"

"चूक असेल त्यांची. आईला सांगा."

"सांगितलं. ती म्हणते, सत्तावीस वर्षं त्यांची चूक झाली नाही, आताच कशी झाली?"

ऑक्टोबर लागला तेव्हा मोबाइलवर आपोआप निरोप आला. "निशिवाकीसान, नेहमीप्रमाणे दुसऱ्या मंगळवारी येणार का? नेहमीची खोली, आठशे अकरा, आपल्यासाठी राखून ठेवू का?"

त्याने तो निरोप लपवला असता तरी चाललं असतं. पण लपवण्याची सवय नव्हती. त्याने तो मित्सुएपुढे धरला.

"दाबा," ती म्हणाली.

"अगं, पूर्व दरवाजाचं..."

"नेहमीप्रमाणे म्हणतंय ना ते? मग नेहमीप्रमाणे जाऊ. दाबा."

त्याने दाबलं. पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडाले.

दुसऱ्या मंगळवारी सकाळी ते निघाले. तोक्योला गाडी बदलली. खिडकीशी बसलेल्या मित्सुएने डब्यातला भात शेवटच्या शितापर्यंत नीट संपवला, डब्याची दोरी पुन्हा बांधली, आणि सेंदाई येईपर्यंत बाहेर बघत राहिली. तोकुजीला एकदा वाटलं, आताच सांगून टाकावं. पण सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. होतं ते सगळं तिला माहीत होतं, आणि जे तिला हवं होतं ते त्यालाच माहीत नव्हतं.

हिरोसे मार्गावरचं हॉटेल चौदा मजली होतं. बाहेरून बघताना तो पाय रोवून उभा राहिला. नाही, हे दार आपण बघितलेलं नाही. की बघितलंय? दाराला दोन काचा, शेजारी छत्र्या ठेवायचा उभा डबा. असं दार कुठे नसतं? आत माणसाऐवजी यंत्र होतं. त्याने मोबाइल पुढे धरताच ते गोड आवाजात म्हणालं, "नेहमी येता त्याबद्दल आभारी आहोत." आणि किल्लीचं कार्ड बाहेर आलं.

"नेहमी," मित्सुए म्हणाली.

आठशे अकरा लिफ्टच्या अगदी समोर होती. दार इतकं रुंद होतं की न्हाव्याची खुर्ची सहज आत गेली असती. तोकुजीने आजवर पाहिलेल्या खोल्यांच्या दुप्पट जागा. दोन पलंग, दोन्ही जमिनीपासून बेताच्या उंचीवर. न्हाणीघराला उंबरठा नाही, भिंतींना धरायच्या दांड्या, आणि पाण्याखाली बसायला पांढरं स्टूल. टेबलावर दोन पेले होते, त्यातल्या एकाला दोन्हीकडून कान. शेजारी छापील चिठ्ठी: नेहमीप्रमाणे जादा उशा दोन, न्हाणीघरात स्टूल, दोन कानांचा पेला.

मित्सुए पलंगाच्या कडेवर बसली. तिने कोट काढला नव्हता. बराच वेळ ती त्या पेल्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "बाबा, ती आजारी होती का?"

"कोण ती?"

"मला काय विचारता? मी तिला ओळखत नाही."

"मी पण ओळखत नाही," तोकुजी म्हणाला.

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की मित्सुएने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने भिंतीतलं कपाट उघडलं होतं आणि आतल्या रिकाम्या टांगण्यांकडे तो बघत उभा होता. आपलं एखादं शर्टबिर्ट तिथे सापडेल की काय, अशी त्याची मुद्रा होती. ती उठली. "चला खाली," ती म्हणाली. "यंत्राला नाही, माणसाला विचारू."

खाली यंत्रांच्या मागे एक लहानसं काउंटर होतं. तिथे पन्नाशीची एक बाई नुकतीच कामावर येऊन कागद लावत होती. छातीवर तोगाशी असं नाव होतं. तोकुजी तिच्यापुढे वाकला. "जरा विचित्र विचारतोय, रागावू नका. मी इथे पूर्वी कधी आलो होतो का?"

तोगाशीने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या किल्लीकडे. "आपण आठशे अकरातले निशिवाकीसान?"

"हो."

"माफ करा." ती गोंधळली. "मी या हॉटेलात एकोणीस वर्षं आहे. आपण आमचे निशिवाकीसान नाही."

"मला पण तसंच वाटतंय," तोकुजी म्हणाला. "पण खात्री होत नव्हती."

मित्सुएने काउंटरची कड धरली. तोगाशीने एक कोरा कागद पुढे सरकवला आणि नाव लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं. तोकुजी हे नाव बोलताना एकच ऐकू येतं, पण लिहिताना ते आठदहा तऱ्हांनी लिहिता येतं. तोगाशीने ती अक्षरं वाचली आणि हलकेच श्वास सोडला. "जन्मदिवस तीन जून?"

"तीन जून."

"वर्ष कुठलं?"

त्याने सांगितलं. तिने मान हलवली. मग ती सावकाश, शब्द निवडत सांगू लागली. हे हॉटेल वसंतापर्यंत हारुनागीचं नव्हतंच. ते दुसऱ्या कंपनीचं होतं. दोघांच्या सभासदांच्या याद्या एकत्र केल्या, तेव्हा जुन्या कार्डांवरची नावं नुसती उच्चाराप्रमाणे लिहिलेली होती. जन्मवर्ष कुठे लिहायची पद्धत नव्हती. नाव एक, तारीख एक, म्हणून कुणीतरी दोन माणसांचा एक माणूस केला. "त्या दुसऱ्या पाहुण्यांबद्दल मला काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "नियम आहे. पण आज आल्या आल्या यादीत निशिवाकी, आठशे अकरा असं दिसलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. म्हटलं, लागलं एकदाचं सुरळीत."

तिचं बोलणं संपतं न संपतं तोच दार उघडलं. उन्हावाऱ्याने काळवंडलेला, रुंद खांद्यांचा एक म्हातारा चाकांची खुर्ची ढकलत आत आला. खुर्चीत लोकरीची टोपी घातलेली बाई होती, मांडीवर पिशवी. म्हाताऱ्याने यंत्रापुढे कागद धरला. यंत्र म्हणालं, अशी नोंद नाही. त्याने शांतपणे कागद उलटा करून पुन्हा धरला. त्याला याची सवय झालेली दिसत होती.

"निशिवाकीसान," तोगाशीने हाक मारली.

"हो," तोकुजी म्हणाला. "हो," म्हातारा म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मग सगळं उलगडायला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण नियम तोगाशीला होता, म्हाताऱ्याला नव्हता. तो ओफुनातोचा. समुद्रात दोऱ्या सोडून शिंपले वाढवायचा. बायको कियोनो हिला दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी पहाटेच इथल्या मोठ्या इस्पितळात औषध चढवायला न्यावं लागे. गाव लांब, म्हणून आदल्या दिवशी येऊन राहायचं. बारा वर्षं झाली. लिफ्टसमोरची खोली होती म्हणून जमत होतं. एप्रिलपासून यंत्र ओळखत नव्हतं. तोगाशी कामावर असली तर ती हाताने लिहून तीच खोली द्यायची. नसली तर मिळेल ती.

"मग तुम्ही तक्रार नाही केलीत?" मित्सुएने विचारलं.

"केली ना. फोनवर ते म्हणाले, निशिवाकी तोकुजी नावाचे सभासद आहेत, पण ते तुम्ही नाही. आता यावर काय म्हणायचं? मी म्हटलं, बरं."

कियोनो खुर्चीतून मित्सुएकडे बघत होती. मित्सुएचा चेहरा, हातातलं किल्लीचं कार्ड, नवऱ्यापासून दोन पावलं लांब उभं राहणं, हे सगळं तिने एका नजरेत घेतलं असावं. "बाईसाहेब," ती बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे तुमच्या घरच्या कागदावर बारा वर्षं मी तुमच्या ह्यांच्याबरोबर राहत होते की काय?"

"दोन माणसं म्हणून," मित्सुए म्हणाली. "दर महिन्याला."

"आई गं," कियोनो म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिचे खांदे हलत होते. मित्सुएने आधी ओठ दाबून धरले, पण मग तिलाही ते आवरेना. सप्टेंबरापासून ती अशी हसली नव्हती. दोघे तोकुजी मात्र हसावं की माफी मागावी हे न कळून एकमेकांना वाकून नमस्कार करत राहिले.

खोलीवरून मग बराच वाद झाला. तोकुजी म्हणाला, खोली तुमची. म्हातारा म्हणाला, तुम्ही पाहुणे, लांबून आलात, आम्ही कुठेही राहू. तोकुजी पुन्हा वाकला, म्हातारा त्याहून जास्त वाकला. मित्सुए कंटाळून सरळ वर गेली आणि पाच मिनिटांत बॅग घेऊन खाली आली. "आम्ही पलंगावर नीट बसलोसुद्धा नाही," तिने सांगितलं. मग तिनेच चाकांची खुर्ची लिफ्टपर्यंत ढकलली. वर जाऊन दोघी काय बोलल्या ते तोकुजीला कळलं नाही. खाली आली तेव्हा तिच्याजवळ ओफुनातोचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद होता.

आता यांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न होता. शहरात दातांच्या डॉक्टरांचं संमेलन होतं. हे हॉटेल भरलेलं, पश्चिम दरवाजाचं भरलेलं. तोगाशीने पुन्हापुन्हा माफी मागत फोन फिरवले. शेवटी पूर्व दरवाजाच्या हॉटेलात एक खोली निघाली. "पण ती सेमी-डबल आहे," ती खाली मान घालून म्हणाली.

"द्या," मित्सुए म्हणाली. "आम्हाला तीच बघायची होती."

संध्याकाळचं अजून ऊन होतं. स्टेशनातून पलीकडे जाताना मित्सुएने हिरव्या सोयाबीनच्या गोड वाटणातले मोची, तांदळाचे मऊ गोळे, घेतले. पूर्व दरवाजाच्या हॉटेलात शिरताना तोकुजीचे पाय आपोआप लिफ्टकडे वळले, तेव्हा ती त्याच्या पायांकडे बघत होती.

खोली उघडली. दार लावायला बॅग आधी पलंगावर टाकावी लागली. एक पलंग, त्याला लागून टेबल, टेबलाला लागून भिंत. दोघं एकदम उभी राहिली तर कपाट उघडता येत नव्हतं. मित्सुए पलंगावर बसून राहिली आणि तोकुजी कपाट उघडून कोट टांगू लागला.

"हीच?" तिने विचारलं.

"हीच. म्हणजे हिच्यासारखीच. एकाच माणसाची, एवढंच."

तिने पडदा सरकवला. हातभर अंतरावर गाड्या ठेवायच्या इमारतीची करडी भिंत होती. "मग तुम्ही काय बघायचात?"

"काही नाही. झोपायचो."

तिने पलंगावर तळहात फिरवून बघितला. मोचीचा डबा उघडला आणि एक त्याच्यापुढे धरला. "मला वाटायचं, तुम्ही तिकडे मजा करता," ती म्हणाली. "पावसात दुकानात कपडे मोजत बसले की वाटायचं, हे आता कुठेतरी मऊ गादीवर पाय पसरून बसले असतील. खरं सांगते. ही सात चटयांची खोली मी कधी डोळ्यांसमोर आणली नव्हती."

तोकुजीने मोची खाल्ला. मग म्हणाला, "इथल्या न्हाव्याच्या मधल्या खुर्चीचा पंप गळतो. उद्या जाऊन बघून येऊ का?"

"बघू," मित्सुए म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते खरंच गेले. न्हावी त्याला नावाने ओळखत होता, आणि तेवढ्याने तोकुजीला फार आधार वाटला. त्याने जाकीट काढून मधल्या खुर्चीची दांडी दाबून बघितली. मित्सुए शेजारच्या खुर्चीत बसून न्हाव्याने दिलेला चहा पीत सगळं बघत होती.

पुढे नोव्हेंबरात हारुनागीचं पत्र आलं. दोन पानं भरून माफी होती आणि शेवटी म्हटलं होतं, की दोन्ही सभासदांची खाती वेगळी केली आहेत. तोकुजीने मोबाइल उघडला तर यंत्राने निम्मं निम्मं वाटून टाकलेलं. कोचीच्या रात्री ओफुनातोला गेल्या होत्या आणि आठशे अकरा नंबरच्या चाळीस रात्री त्याच्याकडेच राहिल्या होत्या. कोतोमी म्हणाली, पुन्हा तक्रार करा. पण तक्रार कुणाच्या नावाने करायची, हे दोघांनाही नीट समजेना. शेवटी दर रविवारी दुपारी दोघं फोनवर बसू लागले. एकाच्या पुढे कामाच्या वह्या, दुसऱ्याच्या पुढे इस्पितळाची पुस्तिका.

"निशिवाकी बोलतोय."

"मीही निशिवाकीच. बोला."

"पाच मार्च, मोरिओका?"

"माझी. पुतणीचं लग्न होतं. एकोणीस एप्रिल, फुकुई?"

"माझी. चार खुर्च्या होत्या."

शिंपल्यांचं काम कसं चाललंय, कियोनोला औषध कसं लागू पडतंय, हे मधेमधे यायचंच. मग मित्सुए फोन मागून घ्यायची आणि तासभर परत द्यायची नाही. असं करत करत डिसेंबर संपेपर्यंत सगळ्या रात्री वाटून झाल्या. एक मात्र उरली. सहा वर्षांपूर्वीची यामागाता, एक माणूस, सकाळचं जेवण घेतलेलं. तोकुजीच्या वहीत त्या दिवशी कोरं पान होतं. पलीकडच्या निशिवाकीला यामागाताला गेल्याचं आठवत नव्हतं.

"तुमचीच असेल," पलीकडचा म्हणाला. "तुम्ही जास्त फिरलेले."

"पण मी लिहिलं असतं. तुमची असेल. जवळ आहे तुम्हाला."

"मी तिथे कशाला जाईन?"

दोघांनी आपापले कागद पुन्हा चाळले. "असू दे," शेवटी तोकुजी म्हणाला. "पुढच्या रविवारी पुन्हा बघू." आणि त्याने कियोनोची चौकशी केली.